एसी बंद असताना

आयसीयूतल्या सिस्टरांना बशीकाकांचं खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या जणी गडबडल्या असत्या. पगाराच्या कागदावर ते होतं, एवढंच. बाकी हॉस्पिटलभर ते बशीकाकाच. दर सोमवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना ते पत्र्याचा चौकोनी डबा छातीशी धरून आयसीयूच्या दाराशी येत, स्वतःच्या चपला काढून तिथल्या निळ्या रबरी चपला घालत, टोपी चढवत आणि बरोबर दहाला आत पाऊल टाकत. भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय की पुढे, हे सिस्टर काकांकडे बघून ठरवत.

डब्यात बारा बश्या असत. तळहातावर मावतील एवढ्या, काचेच्या, झाकणवाल्या. प्रत्येकीच्या तळाशी फिकट पिवळ्या जेलीचा थर. काका त्या ठरलेल्या बारा जागी ठेवत, एकेकीचं झाकण काढत आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर तासभर बसून राहत. हवेत तरंगणारं जे काही असेल ते त्या तासाभरात अलगद खाली येऊन जेलीवर बसतं. मग झाकणं लावायची, बश्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये न्यायच्या आणि उबदार कपाटात पाच दिवस ठेवायच्या. बुरशीचा डोळ्यांना न दिसणारा एक कण जरी पडला असला, तरी पाच दिवसांत त्याचा शर्टाच्या बटणाएवढा ठिपका होतो. आयसीयूत माणसं आधीच अर्धमेली होऊन आलेली असतात. धडधाकट माणूस जी हवा बिनदिक्कत ओढतो, तीच त्यांच्या फुप्फुसात गेली की बुरशी तिथे घर करते. म्हणून हा बश्यांचा पहारा.

आता हे काम कोणाला सांगायला गेलं की फार मोठं वाटत नाही. काकांच्या मेहुण्याने एकदा चार लोकांत विचारलं होतं, की बश्या मांडायच्या आणि उचलायच्या, याला पगारही देतात का? काका त्या वेळी हसले आणि पुढे दोन वर्षं मेहुण्याशी बोलले नाहीत. माणूस तसा गरीब गाय. पण कामावर कोणी बोट ठेवलं की ते कायमचं मनात ठेवायचे.

आणि अभिमान धरावा असं ते कामही होतं. एकोणीस वर्षांत त्यांचा एक सोमवार चुकला नव्हता. तापात गेले, मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी गेले. एकोणीस वर्षांच्या वह्या लॅबच्या कपाटात ओळीने उभ्या होत्या, आणि सुरुवातीचे काही महिने सोडले तर प्रत्येक सोमवारच्या पानावर त्यांच्या गोल, सुबक अक्षरात एकच वाक्य होतं: घातक बुरशी आढळली नाही. कधी नावापुरता एखादा पांढरा ठिपका, तोही नियमात बसणारा. बाहेरून तपासणीला येणारे लोक त्या वह्या उघडत आणि मान डोलावत. काकांना निवृत्त व्हायला आता सहा आठवडे उरले होते. निरोप समारंभात वाचायच्या मानपत्रात 'एकोणीस वर्षांची निष्कलंक नोंद' हे शब्द घातलेत, अशी बातमी ऑफिसातल्या कारकुनाने त्यांना आधीच फोडली होती. काकांनी ती घरी जाऊन बायकोला सांगितली, आणि जेवताना पुन्हा एकदा सांगितली.

बायको चेष्टेखोर. लिंबाच्या सालीवर, न्हाणीघराच्या कोपऱ्यात, चामड्याच्या जुन्या बॅगेवर काकांना कुठेही बुरशी दिसायची, आणि दिसली की ते तिचं कूळ सांगत बसायचे. "घरात उठता-बसता बुरशी सापडते आणि हॉस्पिटलात एकोणीस वर्षांत एकदा नाही," ती म्हणायची. "तुमचा मुक्काम तिकडेच हलवते, म्हणजे माझं घर स्वच्छ राहील." काका यावर खूश होऊन हसायचे. त्या बोलण्यात हसण्यासारखं किती कमी होतं, हे त्यांना नंतर कळलं.

आणखी एक गोष्ट त्यांना नेहमी गमतीची वाटायची. आयसीयूत स्टुलावर बसलं की घाम यायचा. टोपीखालून ओघळ कानामागे उतरायचे. आणि समोर खुंट्यांवर सिस्टरांचे पाच-सहा स्वेटर लटकत असायचे. या पोरींना एवढ्या उकाड्यात स्वेटर कशाला लागतात, हे कोडं त्यांनी 'तरुण मुलींची हौस' असं म्हणून सोडवून टाकलं होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना त्या एकाच महिन्यात तीन पेशंटच्या फुप्फुसात बुरशी निघाली. चार नंबरच्या खाटेवरचे निवृत्त शाळामास्तर गेले. पाच नंबरवरचा रंगारी शिडीवरून पडून आला होता, हाडं जुळत आली होती, तोही गेला. सहा नंबरवर शिवणकाम करणारी एक बाई होती, ती श्वासाच्या मशीनवर होती आणि तिच्या जिवाला धोका होता. तिघांच्या कफात एकच बुरशी, धुरकट हिरवी. काकांनीच ती वाढवली, काकांनीच ओळखली.

संसर्ग रोखण्याची जी समिती असते तिच्या प्रमुख म्हणजे मोठ्या मॅडम. हुशार बाई, पण घाई फार. मंगळवारी बाराच्या बैठकीत त्यांनी काकांची वही टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, की हवा स्वच्छ आहे हे एकोणीस वर्षांचं लेखी आहे, तेव्हा हवेचा विषय बंद. मग उरले हात, पाणी आणि फडकी. हात सगळ्यांचे, पाणी सगळ्यांचं. फडकं मात्र एकाच बाईच्या हातातलं. फरशी पुसायच्या पोछ्याचा नमुना घेतला, तो काकांच्याच लॅबमध्ये वाढवला आणि त्यात बुरशी आली. ओल्या पोछ्यात ती यायचीच. पण आली ती गुलाबी. काकांनी अहवालात लिहिलं, की ही आणि पेशंटमधली वेगळी आहे. मॅडम म्हणाल्या, की एक सापडली तिथे दुसरीही असणार. आणि खापर फोडायला डोकं मिळालं. त्या डोक्याचं काय करायचं, हे पुढच्या मंगळवारी ठरणार होतं.

ते डोकं होतं मावशीचं. मावशी तेरा वर्षं आयसीयूची फरशी पुसत होती. उंचीने बेताची, बोलायला फटकळ. फरशीवर ओले पाय उमटवले म्हणून तिने एका सर्जनला दारातून परत पाठवलं होतं आणि तो मुकाट गेला होता. नवरा नव्हता, एक मुलगी होती. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि याच हॉस्पिटलात लागेल अशी आशा होती. ठेकेदाराने मावशीला सांगून ठेवलं होतं, की मंगळवारी निर्णय झाला तर तिच्या कागदावर 'संसर्गास कारणीभूत' असा शेरा पडेल. मग दुसरं कुठलंही हॉस्पिटल तिला दारात उभं करणार नव्हतं, आणि ज्या मुलीच्या आईमुळे पेशंट गेले तिला इथे तरी कोण घेणार होतं?

बुधवारी दुपारी मावशी लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. काकांनी आत या म्हटलं, तरी ती उंबऱ्याबाहेरच थांबली. आत आले आणि तुमच्या बश्यांना माझं काही लागलं तर तेही माझ्याच नावावर चढेल, असं ती म्हणाली. ते ती चेष्टेत बोलली नव्हती. काकांनी दोन बश्या उचलल्या आणि तेच दाराशी गेले. एकीत पोछ्याची गुलाबी, दुसरीत पेशंटची हिरवी. मावशीने दोन्ही निरखून पाहिल्या.

"या दोघींचं काही नातं दिसत नाही," ती म्हणाली.

काका म्हणाले, की नाहीच आहे, पण तेवढ्याने कोणी ऐकत नाही. हवा स्वच्छ आहे ना, त्यामुळे दुसरं काही सुचत नाही कोणाला.

मावशी म्हणाली, "काका, राग मानू नका. तुम्ही येता तेवढा एक तासच त्या खोलीला वास नसतो."

"कसला वास?"

"ओल्या पोत्याचा. एसी सुरू झाला की वरून येतो. मला वाटायचं माझ्या पोछ्यालाच येतो, म्हणून मी तो दोनदा उकळून वाळवायची. सोमवारी तर तुम्ही येणार म्हणून नऊ वाजताच सगळं दोनदा पुसून काढते. तुमच्यासमोर घाण नको."

काकांनी विचारलं, की इतर वेळी एसी चालू असतो का? विचारताना आपण काय विचारतोय हे त्यांचं त्यांना नीट कळलं नव्हतं. मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. चोवीस तास असतो, ती म्हणाली, थंडीने नुसतं काकडायला होतं, सिस्टर स्वेटर घालतात ते काय उगाच? सोमवारी दहा ते अकरा तेवढा बंद, आणि तोही सिस्टर थोडा आधीच बंद करून ठेवतात. तुमच्यासाठी.

ती गेली तरी काका दोन्ही बश्या हातात धरून दारातच उभे होते.

त्याचं असं झालं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी हे काम नवीन असताना पहिले तीन महिने काकांच्या बश्या सुकायच्या. वरच्या जाळीतून थंड हवेचा झोत यायचा आणि तासाभरात जेलीला तडे जायचे, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या चिखलासारखे. तेव्हाचे मोठे डॉक्टर चिडले. जेली जाड ओतली असती तर प्रश्न मिटला असता, पण तिची पावडर तेव्हा मोजून मिळायची, आणि नवा माणूस जास्त मागायला धजत नाही. काकांना एक साधी युक्ती सुचली. त्यांनी सिस्टरना विनंती केली, की तेवढा एक तास एसी बंद ठेवा. कोणी विसरू नये म्हणून कागदावर लिहून तो बटणाच्या वर चिकटवला. त्या सोमवारपासून बश्या सुंदर राहिल्या. ओलसर, गुळगुळीत, आणि स्वच्छ. मोठे डॉक्टर खूश झाले. पुढे पावडर हवी तेवढी मिळू लागली, डॉक्टर बदलले, सिस्टर बदलल्या, कागद तेवढा राहिला. काका स्वतः तो कागद विसरून गेले. त्या पहिल्या तीन महिन्यांनंतर चालू एसीत आयसीयू कसं असतं, हे हॉस्पिटलात फक्त एका माणसाने कधी पाहिलं नव्हतं, आणि तिथल्या हवेची हमी तोच माणूस देत होता.

गुरुवारी सकाळी काकांनी जेली दुप्पट जाड ओतली. दुपारी दोन वाजता, कोणाला न सांगता, ते डबा घेऊन वर गेले. दार उघडताच गार हवा अंगावर आली आणि मागोमाग तो वास. अगदी पुसट, पण ज्याने आयुष्यभर बुरशी हुंगली त्याला कोणी वेगळं सांगायला नको. त्यांनी वर पाहिलं. हवेची लांबलचक जाळी नेमकी चार, पाच आणि सहा नंबरच्या खाटांवर होती.

सिस्टर चकित झाली. आज गुरुवार, काका? असं म्हणत तिचा हात सवयीने एसीच्या बटणाकडे गेला.

"नको," काका म्हणाले. "चालू राहू दे."

तिच्या बोटांच्या वर तो कागद होता. पिवळा पडलेला, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीवर चिकटपट्टी. 'सोमवारी १० ते ११ एसी बंद ठेवणे. बश्या सुकतात.' खाली त्यांची छोटी सही. काकांनी बश्या मांडल्या, स्टुलावर बसले आणि थंडीने कुडकुडत तास काढला. निघताना त्यांनी सिस्टरला बाजूला घेऊन सांगितलं, की काही शंका आहे, पाच दिवसांनी नक्की सांगतो, पण तोवर सहा नंबरला त्या जाळीखालून हलवता येईल का बघा. सिस्टरने वर पाहिलं, एकदा वास घेतला आणि फार प्रश्न विचारले नाहीत. एक खाट सकाळीच रिकामी झाली होती. संध्याकाळपर्यंत शिवणकामवाली बाई दुसऱ्या टोकाला गेली.

आणि निघता निघता काकांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला लपवता आली असती तर मी लपवली असती. त्यांनी तो कागद भिंतीवरून काढला आणि घडी करून खिशात घातला. जुना झालाय, बदलायला हवा, असं ते सिस्टरला म्हणाले. बदलायला तर तो हवाच होता.

रविवारी सुटी असूनही ते लॅबमध्ये गेले. बश्यांत पांढरी लोकरीसारखी लव धरली होती. सोमवारी सकाळी त्या लवेच्या मधोमध धुरकट हिरवा रंग उतरला होता. जाळीखालच्या तीन बश्यांत ठिपके मोजता येत नव्हते, सगळे एकमेकांत मिसळले होते. काकांनी एक चिमूट काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मास्तरांच्या कफातली, रंगाऱ्याच्या कफातली, तीच.

त्या दिवशी घरी ते सुन्न होऊन बसले होते. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते सरळच सांगतो. उद्या बैठकीत बश्या ठेवायच्या, एसीची हवा येते त्या नळीत बुरशी झालीय म्हणायचं. नळी उघडतील, साफ करतील, मावशी सुटेल. कागदाबद्दल अवाक्षर काढायची गरजच काय? नळी हल्लीच खराब झाली असेल, असंच सगळे समजतील. वह्या निष्कलंक राहतील, मानपत्र वाचलं जाईल, सहा आठवड्यांनी आपण घरी. यात कोणाचं नुकसान होतं? हा प्रश्न त्यांनी स्वतःला दहा वेळा विचारला, यावरूनच ओळखा.

बायको कपडे धुवायला घेताना खिसे तपासायची. तिला तो कागद सापडला. तिने वाचला.

"बश्या सुकतात म्हणून पेशंटना उकाड्यात ठेवलंत?" तिने हसतच विचारलं. मग त्यांचं तोंड पाहून ती समोर बसली. काकांनी तिला सगळं सांगितलं. मास्तर, रंगारी, जाळी, स्वेटर, सगळं. सांगताना त्यांचा आवाज फुटला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, तिने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तिने ना उपदेश केला, ना धीर दिला. चहा केला, दोघांनी प्यायला, आणि त्या विषयावर ती एक शब्द बोलली नाही. मंगळवारी सकाळी काकांनी इस्त्रीचा शर्ट अंगात घातला तर वरच्या खिशात काही खरखरलं. कागद तिथे होता, चार घड्या करून.

बैठकीत सहा माणसं होती. मावशीला दाराजवळ उभं केलं होतं. बसायला खुर्ची होती, पण बस असं कोणी म्हटलं नव्हतं. काकांनी बश्या टेबलावर मांडल्या. गुरुवारी दुपारी ठेवलेल्या, एसीच्या जाळीखाली, असं सांगितलं. खोलीत कुजबुज झाली. मॅडमनी एक बशी उजेडाकडे धरली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नळी आजच्या आज उघडा, त्यांनी फोनवर सांगितलं, खोली रिकामी करा. मग काकांकडे वळून त्या म्हणाल्या, की तुमच्यामुळे कळलं, नाहीतर किती महागात पडलं असतं. काकांना हायसं वाटलं. क्षणभरच.

"म्हणजे हे हल्लीचं आहे," मॅडम पुढे म्हणाल्या. "सहा नंबरचं यातून झालं असेल. पण पहिले दोन पेशंट गेले तेव्हा तुमच्या बश्या स्वच्छ होत्या. तेव्हा नळीत काही नव्हतं. त्या दोघांना पोछ्यातूनच झालं, दुसरं काय? मावशींचा प्रश्न आहे तिथेच राहतो."

मावशीने काकांकडे पाहिलं. त्या बघण्यात मागणं नव्हतं. एवढं हाताशी आलेलं कसं सुटलं, हे तिला समजून घ्यायचं होतं.

काकांनी खिशातून कागद काढला आणि बश्यांच्या शेजारी उलगडून ठेवला.

"हे अक्षर माझं आहे, मॅडम," ते म्हणाले. "बश्या सुकू नयेत म्हणून मी एसी बंद करायला लावला. एकोणीस वर्षं. सोमवारी दहा ते अकरा त्या खोलीत जी हवा असते, ती पेशंटच्या वाट्याला कधी येतच नाही. नळी कधीपासून खराब आहे, हे माझ्या वह्या सांगू शकत नाहीत. माझी एकही बशी तुम्ही पुरावा म्हणून धरू नका. आणि या बाईंच्या विरुद्ध तर अजिबात नाही."

मॅडमनी कागद वाचला, पुन्हा वाचला. मग त्यांनी विचारलं, की तुमच्या लक्षात कसं आलं नाही? काका म्हणाले, की नाही आलं, आणि खाली बसले. दाराजवळची रिकामी खुर्ची मावशीनेच ओढून त्यांच्याखाली सरकवली होती, हे त्यांना नंतर कोणीतरी सांगितलं.

नळी उघडली तेव्हा आतलं अस्तर ओलं होतं आणि सहा-सात हात लांबीपर्यंत काळं-हिरवं झालं होतं. पाणी निघून जायची बारीक नळी तुंबलेली होती. किती दिवसांपासून, हे दुरुस्ती करणाऱ्यालाही सांगता आलं नाही. महिने असतील, वर्षंही असतील. आयसीयू तीन आठवडे बंद राहिलं आणि पेशंट दुसऱ्या वॉर्डात गेले. शिवणकामवाली बाई हळूहळू मशीनवरून उतरली आणि एक दिवस स्वतःच्या पायांनी घरी गेली. मावशीच्या कागदावर शेरा पडला नाही. तिची कोणी माफी मागितली नाही, तशी पद्धत नसते. समितीने नवा नियम केला. बश्या कुठल्याही वारी, कुठल्याही वेळी, न सांगता ठेवायच्या, एसी चालू असताना, आणि जेली जाड ओतायची.

बशीकाकांचा निरोप समारंभ दुरुस्तीच्या गडबडीमुळे पुढे ढकलला, असं कळवण्यात आलं. पुढे म्हणजे कधी, ते कळवण्यात आलं नाही. कारकून त्यांना बघून दुसऱ्या जिन्याने जाऊ लागला. मला या लोकांचा राग येतो. एक माणूस स्वतःहून आपली चूक टेबलावर ठेवतो, आणि ज्यांनी एकोणीस वर्षं त्याच वह्यांवर मान डोलावली ते त्याच्याकडे बघायचं टाळतात. काकांना मात्र राग आला नाही. त्यांना रंगारी आठवायचा. त्याची बायको बाहेरच्या बाकावर बसून लोकरीचं काहीतरी विणत असायची आणि काका डबा घेऊन जाताना पाय आवरून घ्यायची.

काकांनी मॅडमकडे एकच परवानगी मागितली. उरलेल्या पाच आठवड्यांत त्यांना जुन्या वह्यांत दुरुस्ती करायची होती. काही खोडायचं नाही, फक्त प्रत्येक वाक्याच्या पुढे तीन शब्द लिहायचे, आजची तारीख घालायची आणि सही करायची. मॅडम म्हणाल्या, की एकच पत्र लिहून वह्यांना जोडलं तरी चालेल. काका म्हणाले, की पत्र गळून पडतं. मॅडमनी होकार दिला, आणि पहिल्यांदाच त्या त्यांना दारापर्यंत सोडायला आल्या.

तसं ते काम सुरू झालं. घातक बुरशी आढळली नाही, एसी बंद असताना. घातक बुरशी आढळली नाही, एसी बंद असताना. नऊशेच्या वर सोमवार होते. काका शेवटच्या वहीपासून मागे मागे जात होते. तेच गोल, सुबक अक्षर. दुपारी काम आटोपलं की मावशी येऊन बसायची. आता ती उंबरा ओलांडून आत यायची. ती पानं उलटून द्यायची, वाळायला धरायची आणि मुलीच्या परीक्षेच्या गोष्टी सांगायची. दोघांनी त्या मंगळवारचं नाव काढलं नाही.

शेवटच्या दिवशी, चारच्या सुमाराला, काका सगळ्यात पहिल्या वहीशी पोचले. कागद लावायच्या आधीचे ते तीन महिने. तिथे बहुतेक पानांवर एकच शेरा होता: बश्यांना तडे, वाचता येत नाही. एका पानावर मात्र काका थांबले. तरुण, घाईच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'तडे गेलेत. तरी पाच नंबरजवळच्या बशीत दोन हिरवे ठिपके.' त्यावर पट्टी धरून आडवी रेघ मारलेली होती, आणि खाली मोठ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून लिहिलेलं: बशी खराब, पुन्हा लावणे. पुढच्याच सोमवारी बश्या सुंदर होत्या.

काका ते पान किती वेळ बघत होते कोणास ठाऊक. डोळे भरले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत. पाच नंबर. मधल्या काळात त्या खाटेवर किती माणसं येऊन गेली असतील, आणि त्यांतली किती त्या जाळीखालून जिवंत घरी गेली असतील, हे आता कोणीही सांगू शकत नव्हतं.

"इथे पण तेच तीन शब्द ना?" मावशीने विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "इथे एसी चालू होता."

त्यांनी पेन घेतलं, खोडलेल्या ओळीच्या शेजारी 'हे बरोबर होतं' असं लिहिलं, आजची तारीख घातली, आणि खाली छोटी सही न करता आपलं पूर्ण नाव लिहिलं. मावशीने ते पान वाळायला धरलं आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा ते नाव वाचलं.